विटा पाडणाऱ्याचे शस्त्रकर्म

लोह्यातील कोणत्याही शाळेत सातवीच्या वर्गाला "गुडघे दाखवा" म्हटले, तर बऱ्याच मुलांच्या गुडघ्यावर एखादा जुना व्रण सापडेल. त्यावर लव नसते, घाम येत नाही, रंगही भोवतालच्या कातडीहून वेगळा असतो. जखम भरते, मग कातडी पूर्वीसारखी का होत नाही? हा प्रश्न मुले विचारतातच. त्याचे उत्तर शोधताना दोनशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात जाऊन यावे लागते.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रजांचे टिपू सुलतानाशी युद्ध झाले. पेशवे आणि निजाम दोघेही इंग्रजांच्या बाजूला होते. आपला हा मुलूख तेव्हा निजामाकडे होता. इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा शेतकरी जातीचा एक मराठा गाडीवान बैल हाकत असे. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये, 'बी. एल.' अशा आद्याक्षरांनी सही केलेल्या पत्रात छापून आली. सोबत जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलेल्या चित्रावरून केलेली कावसजीची तसबीर होती.

मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. तिची कृती अशी : मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवायचे, ते सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि भोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली एक लहान पट्टी कापायची नाही. नाकाच्या खुंटावरचा जुना व्रण तासून काढायचा. मग कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड नव्या चिरेत बसवायची. वर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पाच-सहा पट्ट्या, म्हणजे विड्यातलाच कात! चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. डोळ्यांमधली पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची.

यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. जुना व्रण का तासायचा? भरून आलेल्या कडेवर बाह्यत्वचेचे आवरण आलेले असते. अशा दोन कडा कितीही जवळ ठेवल्या तरी सांधत नाहीत. ताज्या कडांमध्ये मात्र रक्त गोठते, पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात, नंतर तंतू निर्माण करणाऱ्या पेशी येऊन कोलॅजेन नावाचे प्रथिन विणतात. पट्टी का ठेवायची? सोडवलेल्या कातडीला त्यातूनच रक्त मिळते. पंचवीस दिवसांत नाकाच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि पट्टीची गरज संपते. आजचे शल्यचिकित्सकही अशी पट्टी सुमारे तीन आठवड्यांनी कापतात.

तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ त्वचेच्या सुमारे एक पंचमांश ताकद असते. पुढे वर्षभर किंवा अधिक काळ कोलॅजेनची मोडतोड आणि पुनर्बांधणी चालते. तरी ताकद सुमारे ८० टक्क्यांपुढे जात नाही. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी तर व्रणात पुन्हा तयारच होत नाहीत. गुडघ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच. शरीर घाईने ठिगळ लावते, मूळ कापड पुन्हा विणत नाही. पण ठिगळ काळाबरोबर मऊ आणि फिकट होते. कपाळावरचा व्रण काही काळाने फारसा दिसत नाही, असे त्या पत्रात नोंदलेच आहे.

ही हकीकत वर्गात सांगताना "आपल्याकडे सगळे होतेच" एवढ्यावर थांबू नये. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे, पण तिथे माप झाडाच्या पानाने घेतात आणि कातडी गालाची घेतात. पुण्यात पानाच्या जागी मेण आले, गालाच्या जागी कपाळ. म्हणजे मधल्या शतकांत कुणीतरी बदल करून पाहिले, फरक जोखला आणि हातातून हातात ते पुढे दिले. ते प्रयोग कागदावर आले असते तर आपल्याला केवढे तरी कळले असते. याउलट, एक पत्र छापले गेले आणि वीस वर्षांत, १८१४ मध्ये, लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी तीच शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि ती युरोपभर पसरली. शस्त्रक्रियेसाठी गुंगीचे औषध तेव्हा युरोपात वापरात नव्हते. ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक १८४६ चे.

त्या पत्रात रुग्णाचे नाव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे आहेत. ज्याच्या हाताने नाक घडले, त्याचे नाव नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी वर्गातील कुणाचा गुडघा फुटला, तर जखम धुऊन झाल्यावर त्याला वही द्या. खपली कधी धरली, कधी पडली, खालचा रंग कसा होता, सहा महिन्यांनी काय दिसते, हे त्याने तारखेसह लिहावे. आणि खाली स्वतःचे नाव घालावे.