पिव्होटल: एक इंग्रजी विशेषण आणि ठाण्याचा किल्ला

इतिहासाविषयीच्या लेखनात सध्या ‘पिव्होटल’ या इंग्रजी विशेषणाची मोठी चलती आहे. लढाई पिव्होटल, तह पिव्होटल, एखाद्या सरदाराने कूस बदलली तर तोही क्षण पिव्होटल. विशेषण इतके स्वस्त झाले की त्याचे वजन उरत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात त्याची परीक्षा घेता येते. कारण इथल्या खाडीकाठी या मानाची दावेदारी सांगणाऱ्या घटनांची वाण नाही.

आधी शब्दाचा अर्थ. ‘पिव्हट’ म्हणजे ज्याभोवती एखादी वस्तू फिरते ती खीळ. दळताना जात्याचा वरचा दगड गरगर फिरतो, घरघरतो, पीठ सांडतो. मधली खीळ ना दिसते, ना हलते. ती काढली तर मात्र दळण थांबते. तेव्हा घटना गाजलेली असणे पुरेसे नाही. पुढच्या घटना तिच्याभोवती फिरल्या का, हा प्रश्न आहे. मराठीतला ‘निर्णायक’ हा शब्द इथे नेमका बसत नाही. निर्णायक घटना वाद मिटवते; पिव्होटल घटना पुष्कळदा वाद सुरू करते आणि तो कशाभोवती फिरणार ते ठरवून टाकते.

पहिला दावा कल्याणचा. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीच्या ताब्यातील कल्याण आणि भिवंडी घेतली. मुहम्मद आदिलशहा आदल्या वर्षी मरण पावला होता, दिल्लीत शाहजहान आजारी होता आणि औरंगजेबाचे लक्ष उत्तरेकडे लागले होते. वेळ अचूक साधली गेली. खाडीकाठच्या या मुलखात जहाजे बांधण्यास प्रारंभ झाला. त्या कामावर आलेले पोर्तुगीज कारागीर वसईच्या अधिकाऱ्यांनी डोळे वटारताच निघून गेले, पण जहाजबांधणी थांबली नाही. शहर मात्र टिकले नाही. १६६१ मध्ये मोगलांनी कल्याण घेतले आणि ते परत मिळण्यास सुमारे नऊ वर्षे लागली. म्हणून ‘कल्याण जिंकले’ या घटनेला पिव्होटल म्हणणे सैल ठरते. पुढचे सारे ज्याभोवती फिरले ते शहर नव्हे, आरमार. विशेषण योग्य आहे, फक्त ते चुकीच्या नामाला जोडले जाते.

दुसरा दावा १७३७ चा. साष्टी बेटाच्या पूर्व टोकाला पोर्तुगीज ठाण्याचा किल्ला बांधत होते. तो अपुरा असतानाच चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी त्यासाठी पेशव्यांकडे दीर्घकाळ धरलेला आग्रह हा या मोहिमेचा पाया होता. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता जवळपास संपली. इथे ‘निर्णायक’ हाच शब्द हवा. प्रकरण मिटले.

निदान पुण्यात तसे वाटले. मुंबईतल्या इंग्रजांची नजर मात्र साष्टीवरून कधीच ढळली नाही. मुंबई म्हणजे तेव्हा समुद्रातला चिंचोळा तुकडा. धान्य बाहेरून येणार, आणि खाडीपलीकडे उभे राहून कोणीही तिची नाडी आवळू शकणार. १७७२ मध्ये टॉमस मॉस्टिन हा वकील पुण्यास आला, त्यामागे साष्टी आणि वसई बोलणी करून मिळवण्याची इच्छा होती. पुण्याने दाद दिली नाही.

मग ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. बारभाईंनी राघोबादादांविरुद्ध फळी उभारली, एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि राघोबादादा इंग्रजांच्या दारी गेले. सौदा ठरेना, कारण साष्टी-वसई द्यायला तेही तयार नव्हते. तेवढ्यात मुंबईत वार्ता आली की गमावलेला मुलूख परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमार येत आहे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या मंडळाने तहाची वाट पाहण्याचे सोडून दिले आणि डिसेंबरात ठाण्यावर फौज धाडली.

खंदक बुजवून आत घुसण्याचा पहिला प्रयत्न मराठा शिबंदीने मोठी हानी करून उधळला. दुसऱ्या दिवशी, २८ डिसेंबर १७७४ रोजी, किल्ला हल्ला करून घेण्यात आला आणि आतल्या बहुतेकांची कत्तल झाली. इंग्रज आरमाराचा कमोडोर वॉटसन या वेढ्यातील जखमेने मेला. मराठ्यांच्या इतिहासात या शिबंदीची आठवण फारशी काढली जात नाही. पानिपताच्या सावलीत असे पुष्कळ काही झाकले गेले आहे.

आता परीक्षा. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबादादांनी साष्टी आणि वसई देऊ केली. म्हणजे साष्टीपुरते बोलायचे तर जे आधीच गेले होते त्यावर शिक्का मारला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला मुंबईचा हा आगाऊपणा रुचला नाही. कर्नल अप्टन पुरंदरास आला, मार्च १७७६ मध्ये नवा तह झाला, सुरतेचा तह रद्द ठरला. तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेची पुरती कोंडी झाली. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनी १७७३ नंतर घेतलेला सारा मुलूख परत करण्याचे वचन लिहून घेतले. फौज सुटली आणि मुंबईने तो करार झुगारून दिला. साष्टी आली नाही. १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले आणि वर्षअखेरीस वसई. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, गुजरातेतील जिंकलेला मुलूख परत मिळाला, राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनी सोडला. साष्टी आणि आसपासची लहान बेटे तेवढी त्यांनी सोडली नाहीत.

तीन तह, एक झुगारलेला करार आणि सात-आठ वर्षांचे युद्ध. माणसे बदलली, बाजू बदलल्या, किल्ले गेले आणि आले. जागचे हलले नाही ते ठाणे. वडगाव हा मराठ्यांचा तेजस्वी विजय होता यात शंका नाही. पण जो विजय तीस-पस्तीस किलोमीटर लांबीचे बेटही परत आणू शकला नाही, त्याला या युद्धाची खीळ म्हणता येत नाही. तो मान २८ डिसेंबर १७७४ चा आहे.

याच किल्ल्याशी आणखी एक प्रसंग निगडित आहे आणि तो अधिक रंजक असल्याने अधिक सांगितला जातो. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे ठाण्यात कैदेत होते. पहारा गोऱ्या शिपायांचा. बाहेर घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार मराठीत गाणी म्हणत असे, आणि पळण्याची खबर त्या गाण्यांतून आत पोहोचली, असे सांगतात. भाषा कळत नसल्याने पहारेकरी निवांत होते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. बाजीराव आणि एल्फिन्स्टन यांच्यातले वितुष्ट त्यामुळे वाढले हे खरे. परंतु पेशवाईचा तोल तोवर इतका गेला होता की हे निमित्त झाले नसते तर दुसरे झाले असते. अशा घटनेला ठिणगी म्हणावे. ठिणगी आणि खीळ या वेगळ्या वस्तू आहेत.

राहिली १६ एप्रिल १८५३ ची रेल्वे. बोरीबंदरहून दुपारी तोफांच्या सलामीत चौदा डब्यांची गाडी निघाली आणि सुमारे ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पोहोचली. ठाणेकर या तारखेचा सार्थ अभिमान बाळगतात. तिथून पुढे पारसिकचे डोंगर कोरून १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला गेली. १८६३ मध्ये बोरघाटाची आणि १८६५ मध्ये थळघाटाची चढण पार झाली, आणि पुणे व नाशिक या दोन्ही दिशांचे फाटे कल्याणलाच फुटत असल्याने ते जंक्शन ठरले. आजच्या डोंबिवलीची सगळी दिनचर्या या रुळांभोवती फिरते. तेव्हा कल्याण-डोंबिवलीपुरते पाहिले तर १८५४ ला पिव्होटल म्हणण्यास हरकत नसावी.

मात्र १८५३ च्या गाडीखालची जमीन पाहावी. मुंबई बेट सोडल्यावर ठाण्यापर्यंतचा सारा मार्ग साष्टीतून जातो. १८६० मध्ये मुंबईला नळाचे पाणी पुरवू लागलेला विहार तलावही साष्टीतच आहे. खाडीपलीकडचा मुलूख इंग्रजांना पेशवाईच्या अखेरीस मिळाला. ठाण्यापर्यंतचे बेट मात्र पहिली गाडी धावली तेव्हा ७८ वर्षांहून अधिक काळ त्यांच्या हाती होते. ज्या किल्ल्यासाठी ते घेतले गेले, तो पुढे तुरुंग झाला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथेच फाशी देण्यात आले. आज तिथे ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे.