पेवातली हळद आणि ई-कॉमर्सचा तास

साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ साली सुरू झाले. धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय त्याचाच घटक. अशा ठिकाणी ई-कॉमर्सचा नवा अभ्यासक्रम आखायचा, तर पहिल्या तासाला काय शिकवावे? संकेतस्थळ, ऑनलाइन पैसे भरणे हे सारे येईलच. मी मात्र मुलांना आधी एस.टी.त बसवून सांगलीजवळच्या हरिपूरला नेईन.

कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवत. हवाबंद पेवात ती वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायची सोय नव्हती, माणूस गुदमरायचा! त्यामुळे माल जमिनीखाली आणि सौदा सांगलीच्या पेठेत, असेच पुष्कळदा चाले. न पाहिलेली हळद घ्यायची, ती पेढीच्या शब्दावर. हळदीचा वायदेबाजारही इथेच रुजला. आज पडद्यावरचे चित्र पाहून पैसे मोजणाऱ्याचा प्रश्न तरी वेगळा कुठे आहे? माल सांगितल्यासारखा निघाला नाही, तर भरून कोण देणार?

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले. २०१६ मध्ये ई-नाम आले, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. आता नावावर विकायचे, तर प्रतवारी, भेसळ, तक्रार-निवारण हे विषय ऐच्छिक ठेवून भागणार नाही.

‘कमवा आणि शिका’ ही तर भाऊरावांचीच शिकवण. म्हणून प्रात्यक्षिक एकच ठेवावे: विद्यार्थ्याने एका शेतकऱ्याची पाच किलो हळद ऑनलाइन विकावी, आणि परत आलेले पाकीटही स्वतःच उघडावे.