धागा विकून घेतलेला दोर : अमेरिका, जपान आणि ‘ऐच्छिक’ निर्यातमर्यादा

१९५५ च्या सुमारास अमेरिकेतील दुकानांत एक डॉलर किमतीचा सुती ब्लाउज दिसू लागला. तो जपानमधून येत असे. दहाच वर्षांपूर्वी ज्या देशाची शहरे बाँबहल्ल्यांत बेचिराख झाली होती, त्या देशाच्या गिरण्यांचा माल जेत्यांच्या बाजारात स्थानिक मालापेक्षा स्वस्त मिळत होता. १९५६ मध्ये दक्षिण कॅरोलायना आणि अलाबामा या कापडगिरण्यांच्या राज्यांनी कायदे केले, की जपानी कापड विकणाऱ्या दुकानदाराने तशी पाटी दुकानावर लावावी. ग्राहकाला माहिती मिळावी एवढाच त्या पाटीचा हेतू नव्हता, हे सांगायला नको.

वॉशिंग्टनची अडचण निराळी होती. येनचा दर १९४९ मध्ये, अमेरिकी ताब्याच्या काळातच, डॉलरला ३६० असा बांधला गेला होता. जपानला गॅट या जागतिक व्यापारकरारात १९५५ मध्ये प्रवेश मिळाला तोही अमेरिकेच्याच आग्रहाने. चीन आणि सोव्हिएत संघ यांच्या दाराशी असलेला जपान आपल्या गोटात राहायचा, तर त्याला कोठेतरी माल विकू देणे भाग होते. अशा वेळी उघडपणे जकात वाढवणे म्हणजे आपल्याच उपदेशाला हरताळ फासणे. मग त्यातून वाट निघाली ती अशी : अमेरिकेने काहीच लादायचे नाही, जपाननेच ‘स्वेच्छेने’ आपली निर्यात कमी करायची. १९५७ पासून पाच वर्षांसाठी सुती कापडावर अशी मर्यादा जपानने जाहीर केली.

या स्वेच्छेचा खरा अर्थ दोन्ही राजधान्यांना ठाऊक होता. कागदावर मात्र मुक्त व्यापाराचे सोवळे अबाधित राहिले.

परिणाम लगेच दिसला, पण तो गिरणीमालकांना हवा तसा नव्हता. जपानने मोकळी केलेली जागा हाँगकाँगच्या मालाने भरून काढली. एक भोक बुजवले की दुसरीकडून पाणी. तेव्हा अमेरिकेने अधिकाधिक देशांना बांधून घ्यायला सुरुवात केली. १९६१ आणि १९६२ मध्ये सुती कापडाचे बहुपक्षीय करार झाले, आणि १९७४ मध्ये सर्व प्रकारच्या धाग्यांना कवेत घेणारा मल्टिफायबर करार आला. भारतातील कापड आणि तयार कपड्यांचे निर्यातदार ज्या ‘कोट्या’च्या जाचाने दीर्घकाळ बांधले गेले होते, त्याचे मूळ त्या एक डॉलरच्या ब्लाउजापर्यंत जाते. ती व्यवस्था संपायला २००४ ची अखेर उजाडली.

या सगळ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण मात्र १९६९ ते १९७१ या काळातले आहे.

१९६८ च्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांनी दक्षिणेकडील कापडउद्योगाला शब्द दिला होता : लोकरी आणि कृत्रिम धाग्यांच्या कापडाची आयातही आवरू. त्याच वेळी जपानचे पंतप्रधान साटो एइसाकु यांना ओकिनावा बेट परत हवे होते. १९४५ पासून ते अमेरिकेच्या ताब्यात होते, आणि ते परत आणणे हे साटो यांनी आपल्या कारकिर्दीचे ध्येय मानले होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये दोघे वॉशिंग्टनमध्ये भेटले. ओकिनावा १९७२ पर्यंत परत करण्याचे जाहीर झाले. कापडाबद्दल निवेदनात काहीच नव्हते, कारण कापडाचा समझोता गुप्त होता. तो हेन्री किसिंजर आणि साटो यांचे खासगी दूत, प्राध्यापक वाकाइझुमी केइ, यांनी पडद्याआड घडवला होता.

मायदेशी परतल्यावर साटो यांना तो शब्द पाळता आला नाही. जपानचे कापड उत्पादक गुप्त वचनाला बांधील नव्हते. व्यापार आणि उद्योग मंत्रालयाला तर त्या वचनाची धड कल्पनाही नव्हती. निक्सन यांना वाटले, आपल्याला फसवले. साटो यांनी ‘योग्य ते करू’ अशा अर्थाचा गुळमुळीत जपानी शब्दप्रयोग केला आणि दुभाष्याने त्याचा ठाम होकार करून टाकला, अशी एक आख्यायिका आजही सांगितली जाते. किस्सा चटकदार आहे, पण वाकाइझुमी यांनी १९९४ मध्ये पुस्तक लिहून आपली मध्यस्थी उघड केल्यानंतर त्यात फारसा दम उरत नाही. वचन दिले गेले होते. ते दुभाष्याच्या माथी मारणे सोयीचे होते, इतकेच.

मार्च १९७१ मध्ये जपानी कापड उत्पादकांनी अमेरिकी काँग्रेसमधील वजनदार नेते विल्बर मिल्स यांच्याशी बोलून स्वतःच एक मर्यादा जाहीर केली. निक्सन यांनी ती झिडकारली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात जपानला दोन धक्के बसले. १५ जुलै रोजी निक्सन यांनी चीनला जाणार असल्याचे जाहीर केले आणि टोकियोला त्याची आगाऊ कुणकुणही लागू दिली नाही. १५ ऑगस्ट रोजी त्यांनी डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. १५ ऑगस्ट हा जपानच्या शरणागतीचा दिवस. तारखेची निवड मुद्दाम केलेली नसेलही, पण जपानमध्ये ती कोणाच्या नजरेतून सुटणार नव्हती.

मग शेवटचा इशारा आला. १५ ऑक्टोबरपर्यंत करार झाला नाही, तर अमेरिका १९१७ च्या ‘शत्रूशी व्यापार’ कायद्याखाली एकतर्फी कोटा लावणार होती. ज्या देशाशी संरक्षणाचा करार आहे, त्याला शत्रूसाठी केलेला कायदा! नवे व्यापारमंत्री तानाका काकुएइ यांनी त्याच दिवशी मसुद्यावर सही केली. विणकरांच्या रोषावर त्यांनी पैशाचा उतारा शोधला. सरकारने यंत्रमाग विकत घेतले, ते मोडीत काढले आणि मालकांना भरपाई दिली. ज्यांनी कर्ज काढून माग बसवले होते, त्यांनाच ते फुटताना पाहावे लागले.

ओकिनावा १५ मे १९७२ रोजी परत मिळाले. जपानी भाषेत दोराला ‘नावा’ म्हणतात. ‘धागा विकून दोर घेतला’ ही कोटी तेव्हापासून तिथे रूढ झाली. ती ऐकताना हसू येते, पण तो धागा कोणाच्या मालकीचा होता आणि तो विकण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले होते, हा प्रश्न त्या विणकरांच्या दृष्टीने विनोदाचा नव्हता.

पुढचा अंक मोटारींचा. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर पेट्रोल महागले आणि अमेरिकी ग्राहक लहान, कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांकडे वळला. अशा गाड्या चांगल्या कोण बनवते, याचे उत्तर सर्वांना माहीत होते. १९८० मध्ये वाहन उत्पादनात जपानने अमेरिकेला मागे टाकले. क्रायस्लर सरकारी हमीच्या कर्जावर तगून होती. कामगार संघटना आणि फोर्ड यांनी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे संरक्षण मागितले. नोव्हेंबर १९८० मध्ये आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी ते नाकारले : उद्योगाच्या दुखण्याचे मुख्य कारण आयात नसून मंदी आणि बदललेली मागणी आहे, असे बहुमताचे मत पडले.

कायद्याचा दरवाजा बंद झाला, तेव्हा जुनी खिडकी उघडण्यात आली. मे १९८१ मध्ये जपानने वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींची ‘ऐच्छिक’ मर्यादा जाहीर केली. आदल्या वर्षी ही निर्यात १८ लाखांच्या वर होती.

गाड्यांची संख्या बांधली म्हणजे नफा बांधला, असे मात्र होत नाही. गाड्या थोड्याच पाठवायच्या, तर महागड्या का पाठवू नयेत? जपानी कंपन्यांनी अधिक सुखसोयींच्या गाड्या पाठवायला सुरुवात केली. टंचाईमुळे किमती चढल्या आणि तो वाढीव पैसा जकातीसारखा अमेरिकी तिजोरीत न जाता जपानी उत्पादक आणि अमेरिकी विक्रेते यांच्या खिशात गेला. १९८५ मध्ये रेगन सरकारने मुदतवाढ मागितली नाही, तरीही जपानने २३ लाखांची मर्यादा आपणहून चालू ठेवली. त्यात अमेरिकी काँग्रेसची भीती होती, पण मर्यादेची गोडीही कमी नसावी. लहान आणि स्वस्त गाड्यांपासून सुरुवात केलेल्या कंपन्या दशकाअखेरीस अक्युरा आणि लेक्सस विकत होत्या.

डेट्रॉइटमध्ये या आकड्यांची किंमत वेगळ्या नाण्यात मोजली जात होती. १९ जून १९८२ च्या रात्री तेथे व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाला मोटार उद्योगातील दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारले. ‘तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या’ अशा आशयाचे शब्द त्या भांडणात उच्चारले गेल्याची साक्ष झाली. चार दिवसांनी चिनचा मृत्यू झाला. त्याचे लग्न तोंडावर आले होते. तो जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकन होता. मारेकऱ्यांना राज्याच्या न्यायालयाने तीन वर्षांची परिवीक्षा आणि प्रत्येकी ३,००० डॉलर दंड ठोठावला. तुरुंगवास नाही. आशियाई वंशाच्या अमेरिकनांची नागरी हक्कांची चळवळ या निकालाने पेटली.

तूट मात्र हटेना. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन डॉलरला सुमारे २४० वरून वर्षभरात १५० च्या आसपास आला. तरीही जपानशी असलेली अमेरिकेची वस्तुव्यापारातील तूट १९८५ मधील ४६ अब्ज डॉलरवरून १९८७ मध्ये ५६ अब्जांवर गेली. बचतीपेक्षा अधिक खर्च करणारा देश कोठून तरी उणे भरून काढणारच, आणि रेगन यांच्या काळातील अंदाजपत्रकीय तूट प्रचंड होती. पण अंदाजपत्रकावर हातोडा मारता येत नाही. जुलै १९८७ मध्ये काँग्रेसच्या काही सदस्यांनी संसदभवनासमोर छायाचित्रकारांच्या साक्षीने तोशिबाचा रेडिओ फोडला. त्यामागे सोव्हिएत संघाला विकलेल्या यंत्रांचा राग होता, पण व्यापाराच्या चिडीने त्याला धार आणली होती. सेमीकंडक्टरबाबतही १९८६ मध्ये तशीच तडजोड झाली, आणि तेथे हाँगकाँगची भूमिका दक्षिण कोरियाच्या सॅमसंगने केली.

मोटारींची मर्यादा मार्च १९९४ मध्ये संपली. पुढच्याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनी अशा ‘ऐच्छिक’ बंधनांना मनाई केली. तोवर मर्यादेला तसा अर्थही उरला नव्हता, कारण होंडा १९८२ पासून ओहायोत, निस्सान १९८३ पासून टेनेसीत आणि टोयोटा १९८८ पासून केंटकीत गाड्या बनवत होत्या. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केलेला कारखाना १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला, तोही बहुतांशी जुन्याच कामगारांना घेऊन. २०१० मध्ये तो बंद पडला, आणि त्याच वर्षी ती वास्तू टेस्लाने विकत घेतली.