चलनमोजणीचे पडद्यावरील शिक्षण

नाणी-नोटा ओळखणे, त्यांची बेरीज करणे, ठरावीक रक्कम जुळवणे आणि उरलेले पैसे परत देणे हे विद्यार्थ्यांना शिकवणारे संगणकावरचे किंवा मोबाइलवरचे सराव. पडद्यावरची नाणी बोटाने ओढून टोपलीत टाकायची. रक्कम जुळली की वस्तू मिळते, चुकली की नाणी परत फिरतात, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. प्राथमिक शाळेतल्या लहान वर्गांसाठी ते प्रामुख्याने वापरतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांत हेच कौशल्य मोठ्या वयापर्यंत शिकवले जाते, कारण एकट्याने दुकानात जाता येणे त्यावर अवलंबून असते.

पूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै होत. म्हणजे रुपयात १९२ पै. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे पाढे अशा हिशेबांसाठी घोकून घेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्या पाढ्यांची गरज ओसरली. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे मात्र व्यवहारात टिकले. अंकांतच किंमत दाखवणारे सराव त्यांची दखल घेत नाहीत, ही मराठी मुलांच्या दृष्टीने मोठी उणीव आहे.

शाळेत स्थानिक किंमत शिकवताना एक, दहा आणि शंभराच्या खेळण्यातल्या नोटा वापरतात. तिथे ८७ म्हणजे आठ दहा आणि सात एक, असे पंधरा नग. बाजारात तीच रक्कम ५०, २०, १०, ५ आणि २ अशा पाच नगांत भागते. नव्याने शिकणारे मूल किंमत न पाहता नगच मोजते आणि ‘पाच रुपये’ म्हणते. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की चांगला सराव तिच्यापासूनच सुरू व्हावा. पुढची पायरी मोड देण्याची. शंभरातून ६३ वजा करायला सांगितले की मूल हातचा शोधत बसते. दुकानदार वजाबाकी करतच नाही. तो ६३ वरून पुढे मोजतो: दोन दिले, पासष्ट, पाच दिले, सत्तर, दहा दिले, ऐंशी, वीस दिले, शंभर. हे पुढे मोजणे ज्या सरावात नाही, तो हिशेबाच्या वहीचीच रंगीत आवृत्ती ठरतो.

परदेशी साहित्य आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही. अमेरिकेतले दहा सेंटचे नाणे पाच सेंटच्या नाण्याहून लहान असते. ते कोडे भारतीय मुलाने कशाला सोडवायचे? इथली अडचण निराळी: एक आणि दोन रुपयांची नाणी पोलादी रंगाची, चटकन वेगळी न वाटणारी. वीस रुपयांचे नाणे बाराकोनी असल्याने हाताला लगेच कळते, पण पडद्यावर हाताची ही ओळख नाहीशी होते. म्हणून सरावासोबत खरी चिल्लर हाताळायला देणे आवश्यक मानावे.

नाण्यांखेरीज भाषेचीही अडचण येते, उदाहरणार्थ चेन्नईत. तिथले वेस्ट मांबलम हे मांबलम स्थानकाच्या पश्चिमेचे उपनगर. पूर्वेला त्यागराय नगरची बाजारपेठ. इथे वाढणाऱ्या मराठी मुलाला आणखी एक कसरत करावी लागते. मराठीत एकक आधी येतो, तमिळमध्ये दशक आधी. घरी ‘सत्तेचाळीस’ ऐकणाऱ्या मुलाला भाजीवाली ‘नार्पत्ति एळु’ सांगते, म्हणजे चाळीस-सात. हा क्रम महाराष्ट्रातही वादाचा झाला: २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा बरीच टीका झाली. दोन्ही भाषांत किंमत बोलून दाखवणारा सराव इथे उपयोगी पडेल. त्यासाठी उदाहरणे शेजारच्या फुलवालीकडेच आहेत. ती गजरा मुळम या मापाने, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून, विकते. एका मुळमचे तीस, तीन मुळम घेतले, शंभराची नोट दिली: गुणाकार आणि मोड एकाच प्रश्नात येतात.

२०१६ पासून यूपीआय रुजल्यावर मोठ्यांच्या हातातली रोकड कमी झाली आणि मुलांचे पाहून शिकणेही आटले. या सरावांचे महत्त्व त्यामुळे वाढले. अंध विद्यार्थ्यांना मात्र चित्रांवर बेतलेल्या सरावांचा उपयोग नाही. दृष्टिहीनांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मणी’ हे अ‍ॅप आणले. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते मूल्य बोलून सांगते आणि इंटरनेटशिवाय चालते. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.