नेता एक, व्यासपीठे ५३

निवडणूक प्रचारातील आभासी उपस्थिती : तंत्र, खर्च आणि कायदा

गुजरात विधानसभेच्या निवडणुकीत पहिल्या टप्प्याचे मतदान १३ डिसेंबर २०१२ रोजी झाले. त्याच्या तीनच दिवस आधी, १० डिसेंबरला, तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी राज्यातील ५३ ठिकाणच्या श्रोत्यांसमोर एकाच वेळी भाषण केले. हे भाषण ५५ मिनिटे चालले. प्रत्येक ठिकाणी व्यासपीठावर मोदींची पूर्णाकृती प्रतिमा उभी होती. ती हातवारे करीत होती, मान वळवीत होती आणि पाहणाऱ्यास चपट्या पडद्यावरील चित्रासारखी वाटत नव्हती. या प्रयोगाची नोंद 'गिनेस'च्या विक्रमांमध्ये झाली.

गिनेसच्या त्या नोंदीत 'होलोग्राम' हा शब्द मात्र नाही. तेथे उल्लेख आहे तो 'पेपर्स घोस्ट', म्हणजे 'पेपरचे भूत' या दृष्टिभ्रमाचा. वृत्तपत्रांनी आणि राजकीय पक्षांनी रूढ केलेले नाव एक आणि प्रत्यक्षातील तंत्र दुसरेच, असा हा प्रकार आहे.

भूत कोणाचे?

होलोग्राफी हे शास्त्र हंगेरीत जन्मलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मांडले. त्यासाठी त्यांना १९७१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तूवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींची संपूर्ण नोंद करून तिची त्रिमिती प्रतिमा पुन्हा उभी करणे हे त्याचे तत्त्व. क्रेडिट कार्डावरील चकाकणारे चित्र हे त्याचेच साधे रूप. मात्र, चालत्याबोलत्या माणसाची आदमकद प्रतिमा भर सभेत उभी करणे हे या शास्त्राचे काम नव्हे.

सभांमध्ये दिसणाऱ्या प्रतिमेचे मूळ दीडशे वर्षांहून जुने आहे. हेन्री डर्क्स या अभियंत्याने रंगमंचावर भुताचा आभास निर्माण करण्याची कल्पना मांडली होती. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमधील जॉन हेन्री पेपर यांनी ती सुटसुटीत केली आणि २४ डिसेंबर १८६२ रोजी चार्ल्स डिकन्सच्या एका भूतकथेच्या प्रयोगात प्रेक्षकांपुढे आणली. रंगमंचाच्या पुढच्या भागात तिरकी काच बसविलेली असे. खाली, प्रेक्षकांच्या नजरेआड, एक नट प्रखर प्रकाशात उभा राही. त्याचे प्रतिबिंब काचेत पडे आणि प्रेक्षकांना भूत रंगमंचावरच वावरत असल्याचा भास होई. रात्री खिडकीच्या काचेत घरातील दिव्याचे प्रतिबिंब बाहेरच्या अंधारात तरंगताना दिसते, त्यातलाच हा प्रकार.

एकविसाव्या शतकात काचेची जागा अतिशय पातळ, पारदर्शक आणि ताणून बसविलेल्या पडद्याने घेतली. जर्मनीतील उवे मास यांनी विकसित केलेली ही पद्धत 'म्युझिऑन' या ब्रिटिश कंपनीने जगभर नेली. पडदा ४५ अंशांच्या कोनात बसवितात. शक्तिशाली प्रोजेक्टरची प्रतिमा खालच्या पृष्ठभागावर पडते, तेथून ती पडद्यावर परावर्तित होते आणि प्रेक्षकाला पडद्यामागील व्यासपीठावर उभी असलेली दिसते. पडदा स्वतः दिसत नसल्याने डोळा फसतो. मागची बाजू काळोखी असणे ही याची मुख्य अट. त्यामुळे उघड्या मैदानावर असा कार्यक्रम भर दुपारी होऊ शकत नाही.

वक्त्याच्या बाजूला एक स्टुडिओ लागतो. काळ्या पार्श्वभूमीवर वक्ता उभा राहतो. एका जागी स्थिर केलेला कॅमेरा त्याचे डोक्यापासून पायापर्यंत चित्रण करतो आणि ते उपग्रहामार्फत सभास्थानी पोहोचते. वक्त्याला फार हिंडता येत नाही, कारण चौकटीबाहेर गेलेला हात सभास्थानी गायब होतो.

अबुधाबीपासून लिऑंपर्यंत

या तंत्राचा वापर आधी करमणुकीत आणि परिषदांत झाला. जानेवारी २००८ मध्ये अबुधाबी येथील ऊर्जाविषयक परिषदेत ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी प्रवास टाळून अशा प्रतिमेद्वारे भाषण केले. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेतील कोचेला संगीत महोत्सवात, १९९६ साली मारला गेलेला रॅप गायक टुपॅक शकूर व्यासपीठावर 'अवतरला'. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोदींनी गांधीनगरहून अहमदाबाद, बडोदा, सुरत आणि राजकोट या चार शहरांतील श्रोत्यांशी या मार्गाने संवाद साधला आणि निवडणूक प्रचारात या साधनाचा मोठ्या प्रमाणावर प्रवेश झाला.

२०१४च्या लोकसभा निवडणुकीत हा प्रयोग देशपातळीवर गेला. भारतीय जनता पक्षाने दिलेल्या आकडेवारीनुसार त्या प्रचारात मोदींच्या प्रत्यक्ष सभा ४३७ आणि 'थ्री-डी' सभा १,३५० होत्या. हे आकडे पक्षाचे आहेत. तरीही प्रत्यक्ष सभांच्या तिप्पट आभासी सभा हे प्रमाण बोलके आहे.

जानेवारी २०१४ मध्ये तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान रेसेप तय्यिप एर्दोगान इझमीर येथील पक्षाच्या मेळाव्यात प्रकाशप्रतिमेच्या रूपाने हजर झाले. फ्रान्समध्ये डाव्या विचारांचे अध्यक्षपदाचे उमेदवार ज्यां-ल्युक मेलॉंशॉं यांनी ५ फेब्रुवारी २०१७ रोजी लिऑं शहरात प्रत्यक्ष भाषण केले, तर पॅरिसजवळच्या ओबेरव्हिलिए येथील श्रोत्यांनी त्यांची प्रतिमा पाहिली. त्याच वर्षी १८ एप्रिलला दिजॉंमधील त्यांची सभा आणखी सहा ठिकाणी अशीच पोहोचली. त्यांत हिंदी महासागरातील रेयुनियॉं बेटही होते. ५ एप्रिल २०२२ रोजी लील येथील सभेच्या वेळी ही संख्या ११वर गेली. मेलॉंशॉं २०१७ मध्ये चौथ्या आणि २०२२ मध्ये तिसऱ्या स्थानी राहिले. प्रतिमा गर्दी जमवते, पण मते मिळवून देण्याची हमी देत नाही, एवढा निष्कर्ष त्यातून काढता येतो.

पोहोच आणि पैसा

नेत्याचा आवाज तो नसेल तेथे पोहोचविण्याचा प्रयत्न भारतात नवा नाही. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून प्रचाराची विनामूल्य वेळ १९७७च्या लोकसभा निवडणुकीपासून मिळू लागली. त्या वेळेचे वाटप ठरलेल्या नियमांनी होते आणि छोट्या पक्षालाही त्यात वाटा मिळतो. त्रिमिती सभेला असे वाटप नाही. पडदा, प्रोजेक्टर, ध्वनियंत्रणा, जनरेटर, उपग्रहवाहिनी आणि प्रत्येक ठिकाणी तंत्रज्ञांचा ताफा हे सारे ज्याला परवडेल, त्यालाच हे साधन खुले आहे.

या खर्चाची कायद्यातील जागा पाहण्यासारखी आहे. आयोगाच्या शिफारशीनुसार उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घालण्यात येते. २०२२ मध्ये ती मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये करण्यात आली. पक्षाच्या एकूण खर्चाला मात्र मर्यादा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम ७७नुसार 'स्टार प्रचारकां'चा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक नेमता येतात. परंतु उमेदवार त्यांच्यासोबत व्यासपीठावर बसला किंवा त्याचे नाव, छायाचित्र तेथे झळकले, तर सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या नावे पडतो.

ही सारी रचना नेता एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, हे गृहीत धरून झालेली आहे. गांधीनगरच्या स्टुडिओत उभा असलेला नेता प्रवास करीतच नाही. शेकडो ठिकाणी उभ्या राहिलेल्या त्याच्या प्रतिमेशेजारी उमेदवार बसला, तर ते 'व्यासपीठावर एकत्र येणे' मानायचे काय, हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाही. मर्यादा पाळणारा उमेदवार आणि मर्यादा नसलेला पक्ष यांच्यातील अंतर अशा साधनांमुळे वाढते. तुलनेसाठी फ्रान्सचे उदाहरण घेता येईल. तेथे अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीसाठी उमेदवाराच्या प्रचारखर्चाची कमाल मर्यादा २०१७ आणि २०२२ मध्ये सुमारे १ कोटी ६८ लाख युरो होती. प्रतिमेच्या सभांचा खर्च त्याच मर्यादेत बसवावा लागतो.

दुसरी अडचण वेळेची. कलम १२६नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत त्या मतदारसंघात जाहीर सभा घेता येत नाही, तसेच चित्रपट, दूरचित्रवाणी वा तत्सम उपकरणांद्वारे निवडणूकविषयक मजकूर दाखविता येत नाही. त्या क्षेत्रात प्रतिमेची सभा भरविणे त्यामुळे उघडच बाद ठरते. परंतु २०१४ची निवडणूक ७ एप्रिल ते १२ मे अशी नऊ टप्प्यांत झाली. एका टप्प्यातील मतदारसंघात प्रचार थांबलेला असताना दुसऱ्या टप्प्यातील सभेचे थेट प्रक्षेपण मतदाराच्या घरात आणि आता मोबाइलवर पोहोचतेच. मतदाराला शांतपणे विचार करता यावा, हा त्या ४८ तासांचा हेतू. तंत्राने तो कितपत शिल्लक ठेवला, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ठरवावे.

थेट भाषणाकडून न केलेल्या भाषणाकडे

येथपर्यंतच्या राजकीय उदाहरणांत एक गोष्ट समान होती. प्रतिमा आभासी असली, तरी भाषण खरे होते आणि ते ज्याचे होते त्यानेच केलेले होते. मुंबईत शिवाजी पार्कवर २४ ऑक्टोबर २०१२च्या दसरा मेळाव्यात प्रकृतीमुळे येऊ न शकलेल्या शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे ध्वनिचित्रमुद्रित भाषण दाखविण्यात आले, तेव्हा भाषण थेट नव्हते, पण शब्द आणि आवाज त्यांचेच होते. त्यानंतर महिन्याच्या आत, १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले.

पुढील दशकात ही सीमाही ओलांडली गेली. फेब्रुवारी २०२०च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष मनोज तिवारी यांच्या एका चित्रफितीत संगणकाच्या साह्याने ओठांची हालचाल बदलून त्यांना हरियाणवीत 'बोलते' करण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये पाकिस्तानात तुरुंगात असलेले इम्रान खान यांचे भाषण त्यांच्या टिपणांवरून, कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेल्या त्यांच्या आवाजात, ऑनलाइन सभेत ऐकविण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत २०१८ साली निधन पावलेले एम. करुणानिधी एका पुस्तक प्रकाशन समारंभात पडद्यावर बोलले आणि त्यांनी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन, म्हणजे आपल्याच मुलाच्या, नेतृत्वाची प्रशंसा केली. १६ एप्रिल २०२५ रोजी नाशिक येथे शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या शिबिरात बाळासाहेबांच्या आवाजातील, त्यांनी कधीही न केलेले भाषण ऐकविण्यात आले. विरोधकांनी त्यावर टीका केली.

या उदाहरणांची प्रतवारी करावी लागेल. तुरुंगातील नेत्याने स्वतः मंजूर केलेला मजकूर आणि दिवंगत नेत्याच्या तोंडी इतरांनी घातलेला मजकूर यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या बाबतीत त्या शब्दांची जबाबदारी घेणारा माणूस आहे. दुसऱ्या बाबतीत तो माणूस 'हे माझे मत नाही' असे म्हणू शकत नाही. आजच्या पक्षफुटींवर, आजच्या उमेदवारांवर त्याचे काय मत झाले असते, हे कोणालाच ठाऊक नाही. मतदारांपुढे मात्र ते ओळखीच्या आवाजात, ठामपणे ठेवले जाते.

नियमांची सुरुवात

दक्षिण कोरियाने डिसेंबर २०२३ मध्ये कायदा बदलून मतदानापूर्वीच्या ९० दिवसांत प्रचारासाठी अशा बनावट चित्रफिती वापरण्यास मनाई केली. भारतात निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये, बनावट मजकूर निदर्शनास आल्यापासून तीन तासांत काढून टाकण्याची सूचना पक्षांना दिली. कृत्रिम रीतीने तयार केलेल्या मजकुरावर तसे स्पष्टपणे लिहिण्याची सूचना जानेवारी २०२५ मध्ये आली. बिहार विधानसभा निवडणुकीच्या वेळी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ही खूण दृश्याच्या किमान १० टक्के भागावर असावी, असे आयोगाने सांगितले.

मोबाइलवरील चित्रफितीवर अशी खूण लावता येते. मैदानावरील अंधारात उभ्या राहिलेल्या प्रतिमेवर ती कोठे लावायची, आणि लावली तरी मागच्या रांगेतील श्रोत्याला ती दिसणार काय, हा प्रश्न उरतो. सभेच्या सुरुवातीला आणि शेवटी वक्ता कोठून बोलत आहे, भाषण थेट आहे, मुद्रित आहे की संगणकाने घडविलेले, आणि खर्च कोणाच्या खात्यात पडणार, हे निवेदकाने मोठ्याने सांगणे हा त्यावरचा साधा उपाय ठरू शकेल. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही.

सभा हा एकतर्फी कार्यक्रम नव्हे. समोरून घोषणा येतात, कोणी उठून पाण्याचा प्रश्न विचारतो, कोणी निषेधाचा फलक दाखवितो. वक्त्याला ते ऐकावे लागते, निदान दिसते तरी. पडद्यावरील प्रतिमेला सारी सभा पाहते, पण स्टुडिओत उभ्या असलेल्या वक्त्याला त्या ५३ ठिकाणांपैकी एकाही ठिकाणच्या मागच्या रांगेतील चेहरा दिसत नाही. आपला नेता आपल्या गावात आला होता, असे म्हणताना मतदाराने एवढा फरक लक्षात ठेवलेला बरा.