जाम सांधे सोडवणे (स्टिअरिंग व सस्पेन्शन)

मोटारीचे गंजून धरलेले बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉड आणि बुशचे बोल्ट घरच्या दुरुस्तीत मोकळे करण्याचे काम. हे भाग चाकाच्या आतल्या अंगाला, चिखलपाण्याच्या थेट माऱ्यात असतात. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधली बारीक फट भरून भाग एकमेकांत आवळले जातात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ गंजाला वेग देतात.

टाय रॉड एंड गंज नसतानाही धरून बसतो. त्याची निमुळती पिन नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) तशाच निमुळत्या भोकात नटाने खेचून बसवलेली असते. नट काढल्यावरही घर्षणामुळे पकड टिकते. सुरक्षेसाठी ती टिकायलाच हवी. पिनेच्या टोकावर हातोडा मारल्यास बहुधा आटे चेपतात, पिन तिथेच राहते. घाव भोकाभोवतीच्या कड्यावर आडवा घालावा. त्या धक्क्याने भोकाचा आकार क्षणभर किंचित बदलतो आणि पिन सुटते. कड्याच्या दुसऱ्या अंगाला जड हातोडा टेकवून धरल्यास धक्का वाया जात नाही. नट पूर्ण न काढता शेवटच्या काही आट्यांवर ठेवावा, म्हणजे सांधा सुटताना भाग उसळत नाही. नकल अॅल्युमिनियमची असेल तर हातोडा बाजूला ठेवून पुलरच लावावा. दुपाखी पाचर ठोकल्यास काम लवकर होते, पण रबरी बूट फाटतो; सांधा बदलायचाच असेल तरच ती वापरावी.

नटाबरोबर पिनही फिरू लागल्यास सांध्याखाली जॅक लावून पिन भोकात दाबून धरावी. लिंक रॉडच्या पिनेला बहुधा टोकाशी अॅलन कीसाठी खाच असते.

आट्यांचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून त्यावर गंज सोडवणारे तेल सोडावे व शक्यतो रात्रभर मुरू द्यावे. या कामात घाईने जेवढे बोल्ट तुटतात तेवढे गंजाने तुटत नसावेत. नट थोडा सुटला की पुन्हा आवळून, मागेपुढे करत काढावा. उष्णतेचाही उपयोग होतो: २० मिमीचे पोलादी भोक २०० अंश सेल्सियसने तापवल्यास सुमारे ०.०५ मिमी वाढते, आणि गंजाचा थर तडकायला तेवढे अनेकदा पुरते. मात्र शॉकअप, ब्रेकचा होज, रबरी बूट व पुन्हा वापरायचा बॉल जॉइंट यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसला असेल तर पाना फिरवल्यावर नुसते रबर पिळते. अशा वेळी बोल्ट दोन्ही बाजूंनी कापून काढणे शहाणपणाचे.

गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये, स्टँड लावावेत. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये जीवघेणी शक्ती असते. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय स्ट्रटचा (स्प्रिंग व शॉकअप यांच्या एकत्र जोडणीचा) मधला नट सोडू नये.

टाय रॉड एंड फिरवून काढताना त्याचे फेरे मोजावेत, नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवावा, नवी स्प्लिट पिन घालावी. रबरी बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळावेत, एरवी रबर सतत पिळलेले राहून लवकर फाटते. फेरे जुळले तरी व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावी लागते.