साणे आणि चिमणी : बुलढाण्याच्या चुलीसंबंधी एक टिपण

बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या धाब्याच्या घरात चुलीच्या धुराला वाट असे ती छतातील साण्याची. साणे म्हणजे उघडे भोकच. पावसात ते झाकावे आणि सणापूर्वी जळमटे काढताना त्याच्या कडा झाडाव्यात, एवढीच त्याची निगा.

‘चिमणी’ हा शब्द इंग्रजीतून आला व पाखराच्या नावात बेमालूम मिसळला. खेड्यात तो रुळला रॉकेलच्या दिव्यासाठी. पुढे १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाने चुलीवर नळीची चिमणी उभी केली. पऱ्हाटी-तुराट्यांचा, त्यातही ओल्या सरपणाचा, धूर नळीत थंडावतो आणि काजळीचा चिकट थर धरतो. तो वेळोवेळी खरवडला नाही तर नळीची ओढ मंदावते व धूर पुन्हा स्वयंपाकघरात, पर्यायाने बाईच्या छातीत, उतरतो. चुलीभोवती सारवणे होते, पोतेरे घालणे होते. नळी आतून साफ करण्यासाठी मात्र तसे घरगुती क्रियापद रुळलेले दिसत नाही. शब्दावाचून काम अडते असे नव्हे. परंतु हे काम घरच्या नित्यक्रमात शिरलेच नाही, याची ती खूण मानावी लागते. २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम थांबविला; निगेची उणीव हे त्याच्या अपयशाचे एक कारण मानले गेले.